शेषरावांचा टाळ चुकला पाहिजे

गुरुवारच्या भजनात त्या दिवशी शेषरावांचा टाळ बरोबर पडला आणि अर्ध्या हुडकोला आनंद झाला.

परक्या माणसाला वाटेल, यात आनंद कसला? टाळ बरोबर पडण्यासाठीच असतो. पण रेल्वेतून रिटायर होऊन शेषराव भिलाईच्या हुडको वसाहतीत राहायला आले, सिंधुताईंच्या बैठकीत भजनाला बसू लागले, आणि तेव्हापासून त्यांचा टाळ कधी म्हणून चारचौघांबरोबर पडला नव्हता. सगळ्यांचा वाजून गेलाय, पुढचा वाजायचाय, मधे जी एवढीशी रिकामी जागा उरते, नेमका तिथं यांचा 'छक्' व्हायचा. वरात पुढं निघून गेल्यावर एखादा मामा चप्पल शोधत मागून पळत येतो ना, तसा.

ढोलकीवर बसणारा धोंडबा तोंडावरच म्हणायचा, "शेषरावभाऊ, जिंदगीभर मालगाडी चालवली म्हणून टाळही लूप लाइनीतून आणून राहिले का?"

"सम तुम्ही सांभाळा न बाप्पा," शेषराव हसून म्हणायचे. "मधल्या जागेले कोणी तं पाहिजे."

तर असा हा माणूस. आणि त्या गुरुवारी तो सिंधुताईंच्या हातांवर नजर रोवून, पहिल्या बाकावरच्या शहाण्या पोरासारखा, छन् छन् छन्, एकही टाळ इकडचा तिकडं न होऊ देता वाजवत बसला. धोंडबाची ढोलकी आश्चर्यानं मधेच एकदा अडखळली. आरती झाल्यावर सिंधुताईंनी स्वतःच्या हातानं शेषरावांना शिऱ्याचा दुसरा द्रोण दिला. सिंधुताई मंडळाच्या अध्यक्ष, मुख्य गायिका, आणि कोण उशिरा आलं, कोण आरतीआधी सटकलं हे बघणारं पोलीस खातंही त्याच. त्यांच्या हातून दुसरा द्रोण आजवर फक्त एका जावयाला मिळाला होता.

"सुधरले बाप्पा शेषरावभाऊ!" त्या म्हणाल्या. "हिराबाई, काय खाऊ घातलं वो यांना?"

सगळे हसले. शेषरावही हसले, पण जरा मागाहून, सगळ्यांची तोंडं हसताना बघून. आणि हिराबाई, म्हणजे शेषरावांची बायको, हातात द्रोण घेऊन तशीच बसली. 

कारण शेषरावांचा टाळ का चुकतो, हे हिराला ठाऊक होतं. त्यामागं एक गाणं होतं. आणि ते गाणं हाताला चुकवेनासं झालं असा दिवस उजाडलाच, तर तो माणूस शेषराव नव्हे, एवढंही तिला ठाऊक होतं.

*

गाणं घरात आलं ते भिलाई-3च्या रेल्वे क्वार्टरात. शेषराव तेव्हा राजहऱ्याच्या खाणीतून लोहखनिज भरलेल्या गाड्या भिलाईत आणायचे. निखिल, त्यांचा मुलगा, रांगत होता. घरात नवा टेपरेकॉर्डर आला होता आणि हिराला भजनं हवी होती. त्या काळी कॅसेट भरवून आणायची रीत होती. दुकानात जाऊन भजनांची नावं सांगायची, दुकानदार कोऱ्या कॅसेटवर ती उतरवून द्यायचा. शेषरावांनी सेक्टर सहाच्या बाजारातून भरवून आणली. दुकानदारानं कोरी म्हणून कुणाचीतरी वापरलेलीच कॅसेट घेतली असणार, कारण दुसऱ्या बाजूचं शेवटचं भजन संपलं, थोडी खरखर झाली, आणि एका शब्दाच्या मधूनच कुणीतरी इंग्रजीत गायला लागलं.

"अगोबाई, हा कोण कन्हून राहिला?" हिरा स्वयंपाकघरातून ओरडली. "दात दुखून राहिला का त्याचा? बंद करा ते."

शेषराव नुकतेच ड्यूटीवरून आले होते. चहा बशीत ओतला होता. बशी ओठांपर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

आधी त्यांना ऐकू आला तो तळाचा आवाज. जाड, गोल, छातीत वाजणारा. धुम्... धुम्-धुम्... मालगाडीच्या भरलेल्या वाघिणी हळूच सुटतात तेव्हा एकीमागून एक ओढ घेत मागपर्यंत जातात, अगदी तसा. मग ढोल, पण तो ढोल पहिल्या ठोक्याला वाजेचना. आपल्याकडं पहिली मात्रा म्हणजे सम. अख्खं गाणं धावत येऊन तिच्या पायावर पडतं. इथं समेवर कुणीच नाही. ढोल यायचा तो निवांत, मागाहून, वाट बघून कंटाळलेल्या माणसाच्या पाठीवर थाप मारल्यासारखा. आणि ठोक्यांच्या मधल्या जागेत गिटारचा एक कोरडा, बारीक 'चक्'. तार छेडली की लगेच हातानं दाबून टाकलेली. चक्... चक्... शेजारच्या खोलीत कुणी म्हातारी सुपारी कातरत बसलीय जणू. मागं पेटीसारखं काहीतरी मंद आचेवरच्या वरणासारखं रटरटत होतं. आणि या सगळ्यावर तो माणूस गात होता. गळ्यात रडू होतं, पण रडायची त्याला काही घाई नव्हती.

गाणं संपलं. चहा गार झाला होता. शेषरावांनी कॅसेट मागं फिरवली.

"हिरे, इकडे ये. पाहा, पहिली जागा रिकामी ठेवून राहिले हे लोक. आपण पाहुण्यासाठी पाट मांडून ठेवतो न, तसं."

"पाहुणा कधी येते मंग?"

"येतच नाही! तेच तं!"

हिराला त्यात 'तेच तं' म्हणण्यासारखं काही दिसलं नाही. तिनं पुन्हा कणकेत हात घातले.

पुढं कितीतरी वर्षांनी निखिलनं सांगितलं, "बाबा, याला रेगे म्हणतात."

"रेगे? आपले गोव्याकडचे?"

"नाही हो. जमैका. दूर समुद्रात एक बेट आहे, तिथलं."

"बेटावर राहतेत? मग बरोबर. त्याइले गाडी पकडायची घाई नसन."

निखिलनं अर्थही सांगितला. एक माणूस बंदरावर बसलाय. त्याची बोट यायची होती, आली नाही. लोक म्हणतात, घरी जा. तो म्हणतो, येईल तिच्या वेळेनं. समुद्र काय पळून चाललाय? हे ऐकून शेषरावांनी मांडीवर अशी थाप मारली की चष्मा नाकावरून खाली आला. मालगाडीच्या ड्रायव्हरला याहून काय सांगायचं? सुपरफास्ट जाणार, पॅसेंजर जाणार, साहेबाची निरीक्षणाची गाडी जाणार, आणि आपण बाजूच्या लूप लाइनीत लाल सिग्नलकडं बघत बसणार. पूर्वी शेषराव असे बसून घरी यायचे तेव्हा डबा ओट्यावर आदळायचे. ते गाणं आल्यानंतर डबा ठेवायला लागले. हा फरक मोजायला बायकोचाच कान लागतो. हिरानं त्या कन्हणाऱ्या माणसाला घरात राहू दिलं ते त्यासाठी.

निखिलनं मोबाइलवर पूर्ण गाणं शोधून द्यायचीही तयारी दाखवली होती, सुरुवातीपासूनचं. शेषराव नको म्हणाले. "आपण चालत्या गाडीत चढलो. आता स्टेशनाचं नाव विचारून काय करतो?"

आणि तो 'चक्' हातात शिरला. स्कूटरच्या हँडलवर बोटं त्या मधल्या जागेत पडायची. पेपर वाचताना अंगठा पडायचा. ताटाला चमचा लागायचा. गाणं भजनाच्या शेपटाला लागून आलेलं, त्यामुळं शेषरावांच्या हिशेबी दोघांचं गोत्र एकच. भजनाला बसले की हात आपोआप तिथंच जायचा. मुद्दाम करत नव्हते. मुद्दाम करत असते तर सिंधुताईंनी ते कधीच मोडून काढलं असतं.

*

म्हणून त्या गुरुवारी हिरा घरी आली ती धास्तावून.

तिच्या डोळ्यांपुढं सारखा तिचा मोठा भाऊ येत होता, नागपूरचा राजकुमार. तोही असाच आधी सुधारला होता. जन्मभर भांडखोर माणूस. अचानक शांत झाला, सगळ्याला हो म्हणायला लागला. घरच्यांनी देवापुढं पेढे ठेवले. आणि मग एक दिवस तो स्वतःच्याच घराचं दार वाजवून वहिनीला, म्हणजे स्वतःच्याच बायकोला, विचारत होता, "राजकुमार आहेत का घरी?"

सुधारणा या शब्दाचं हिराला तेव्हापासून भय.

तिनं आपली परीक्षा सुरू केली. सकाळी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून विचारलं, "आज वांगं करू का गवार?"

"हो हो, चालते," शेषराव म्हणाले.

दोन्ही? का एकही नाही? हिरानं गवार केली आणि मुद्दाम मीठच घातलं नाही. शेषराव जेवून उठले. म्हणजे काही बोलले नाहीत, हे खरं म्हणजे पुरावा नव्हे. तिच्या हातचं अळणी त्यांनी पूर्वीही निमूट खाल्लं होतं. म्हणून तिनं शेवटचं हत्यार काढलं. भांडी घासता घासता म्हणाली, "तुमच्या ताईनं दिवाळीले दिलेली साडी पोतेरं करायच्या लायकीची होती."

ताईवर बोललेला अर्धा शब्द शेषरावांनी आजवर खाली पडू दिला नव्हता. हिरा वाट बघत उभी राहिली. शेषराव पेपरातून मान वर करून गोड हसले.

"बरोबर आहे," म्हणाले.

हिरानं नळ बंद केला.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आठवडाभर कॅसेट लागलेलीच नव्हती. एरवी दुपारच्या चहाला टेपरेकॉर्डर खट्ट वाजायचा. त्याचं बटण तुटून काळ झाला होता, त्याच्या जागी शेषराव काडेपेटीतली काडी खोचायचे. हिरानं काडी शोधली आणि स्वतःच कॅसेट लावली. शेवटचं भजन संपलं. खरखर झाली. शब्दाच्या मधूनच तो माणूस गायला लागला. शेषराव खाटेवर बसले होते, टेपरेकॉर्डर खाटेच्याच कडेला होता. हिरा त्यांच्या पायाकडं बघत राहिली.

पाय हलला. पण 'चक्'वर नाही. धुम्बरोबर हलला. धुम् झालं की अंगठा खाली. मधली जागा आली आणि सुनी गेली. पुन्हा आली, पुन्हा सुनी गेली. आणि शेषरावांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जसं आपल्याच क्वार्टरात दुसरं बिऱ्हाड राहायला आलेलं बघावं.

त्यांनी हात लांब करून काडी काढली. गाणं थांबलं.

"जुनी झाली कॅसेट," ते म्हणाले, आणि पेपर तोंडासमोर धरला.

संध्याकाळी सून शाळेतून आली. सीमा, निखिलची बायको, सेक्टर सहाच्या एका शाळेत गणित शिकवते; गणितवाल्या माणसांची असते तशी तिला प्रत्येक गोष्ट सरळ करून बघायची सवय. हिरानं तिला गॅलरीत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"सीमा, बाबांचा टाळ बरोबर पडून राहिला."

"अरे वा! मग तो अच्छी बात है ना, आई."

"अच्छी कायची? ताईच्या साडीले पोतेरं म्हटलं मी, तं बरोबर आहे म्हणाले!"

सीमाच्या हातातली पर्स खाली आली. गणितात हे बसण्यासारखं नव्हतं. "बरोबर आहे म्हणाले? आत्यांबद्दल?"

"हाव न वो."

"मग डॉक्टर," सीमा म्हणाली.

पण शेषरावांना डॉक्टरकडं नेणं म्हणजे भरलेल्या गाडीला चढावर सुरुवात द्यायची. मले काय धाड भरली, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी हिरानंच युक्ती काढली. शनिवारी सकाळी ती डोकं धरून बसली आणि खुणेनं सांगितलं, चक्कर येऊन राहिली. शेषराव अंगात शर्ट घालत घालत रिक्षाला हात करायला धावले. बाहेर सुमंत उभाच होता, समोरच्या घरातला; त्याला गल्लीतली बातमी घडायच्या आधी लागते. "काय वहिनी, भाऊंच्या टाळाची दृष्ट तुम्हालेच लागली का?" तो म्हणाला. हिरानं चक्कर असतानाही त्याच्याकडं असं बघितलं की तो फाटकाआड गेला.

*

डॉक्टरीणबाई मल्याळी, पण जन्म भिलाईतला, त्यामुळं हिंदी अशी की सेक्टरवाल्यांनी दाद द्यावी. सीमानं त्यांना फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. आत गेल्यावर त्यांनी हिराची नाडी धरल्यासारखं केलं आणि प्रश्न मात्र शेषरावांना विचारले.

"अंकल, आज कौन सा दिन है?"

"शनिवार."

"घर में कौन-कौन है?"

शेषरावांनी नीट सांगितलं, निखिलची शिफ्ट कोणती तेही सांगितलं. हिराच्या जिवात थोडा जीव आला. मग बाईंना शिंक आली. त्यांनी मास्क वर ओढला आणि तोच प्रश्न पुढं नेला, "और आंटी से आखिरी बार झगड़ा कब हुआ था?"

शेषराव गोड हसले. "हो हो, चालते," म्हणाले.

बाईंची भुवई वर गेली. हिराला वाटलं, संपलं. पदर तोंडाला लावून ती भिंतीकडं वळली. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, बाई उठल्या, टॉर्चचं बटण वाजलं.

"अंकल, इधर देखिए... नहीं, कान इधर."

डावा कान बघितला. तो तसाही अधू होता. इंजिनाच्या डाव्या खिडकीपाशी हॉर्न ऐकून ऐकून त्यानं नोकरीतच राजीनामा दिलेला. मग उजवा बघितला. बाई थांबल्या. पुन्हा बघितला. मग ट्रेमधून एक लांब चिमटा उचलला आणि हलक्या हातानं आत घालून काहीतरी ओढलं.

काहीतरी आलं. पिवळं, तेलकट, शेपटीला पीळ असलेलं. सगळ्या खोलीत लसणाचा वास पसरला.

"ये क्या है?" बाईंनी चिमटा उजेडात धरला.

सीमानं ओळखलं नाही. शेषरावांनी ओळखलं नाही. हिरानं ओळखलं, आणि तिला वाटलं, खरीच चक्कर यावी आता. ती तिचीच होती. दर श्रावणात ती पिशवीभर कापूस घेऊन देवासाठी फुलवाती वळते, तिच्याच हातचा पीळ. मागच्या आठवड्यात शेषरावांचा कान ठणकत होता. तिनं तेलात लसूण कडकडवून, कोमट करून, दोन थेंब सोडले होते आणि वरून बोळा म्हणून हाताला लागली ती फुलवात खोचली होती. सकाळी उशीवर कापूस दिसला, तिला वाटलं निघाली. हत्ती निघाला होता, शेपूट आत राहिलं होतं.

"ही... देवाची वात आहे," हिरा म्हणाली.

सीमानं आधी वातीकडं बघितलं, मग सासूकडं, मग सासऱ्याच्या कानाकडं. "आई," ती म्हणाली, "तुम्ही बाबांच्या कानात दिवा लावला?"

आणि मग शेषराव ओरडले. "हळू बोल न वो! कावून ओरडून राहिली?"

सीमा कुजबुजली होती.

 शेषरावांनी मान इकडून तिकडं वळवली. वर पंखा फिरत होता. एक पातं दर फेऱ्याला किंचित घासत होतं. टक्. टक्. बाहेर कुणी ग्लासात चमचा ढवळत होतं. शेषराव ऐकत राहिले, तोंड अर्धं उघडं, बशी ओठांशी थांबली होती त्या दिवशी जसे होते तसे.

"अंकल ठीक हैं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिमाग एकदम ठीक. आंटी, कान में तेल नहीं, लसून नहीं, बत्ती तो बिलकुल नहीं. समझे?"

हिरानं जोरजोरात मान हलवली. जीव भांड्यात पडतो म्हणतात. तिचा पडला, उसळला आणि डोळ्यांवाटे बाहेर आला. पदरात तोंड खुपसून ती इतकी रडली की बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी, आत कोण गेलं, म्हणून टोप्या काढल्या.

*

परत येताना रिक्षात शेषराव एकसारखे कुरकुरत होते. रिक्षाचा सायलेन्सर फाटलाय, सीमाच्या बांगड्या वाजून राहिल्या, भज्यांच्या गाडीवरचं तेल एवढं कायले ओरडते. हिरा हे सगळं भजनासारखं ऐकत होती. घरी आल्यावर मात्र तिनं कंबरेवर हात ठेवले.

"ऐकू येत नव्हतं तं सांगितलं कावून नाही?"

शेषराव खाटेवर बसले, चष्मा पुसत राहिले. "डावा गेलेलाच होता," ते म्हणाले. "वाटलं, उजवाही गेला. समोरच्याचे ओठ पाहून भागवत होतो. आता सांगून काय? तू रडली असती."

"आता नाही रडली का मी?"

"तुझं बोलणं गेलं, ते चाललं असतं," शेषराव म्हणाले, आणि हिरानं हातातलं फडकं उगारल्यावर घाईनं पुढं म्हणाले, "अवो, ऐक तं खरं. तू आंघोळीले गेली होती. मी ते गाणं लावलं. धुम् होतं, हिरे. तो माणूस होता, पण रजई पांघरून बसल्यासारखा. आणि मधलं ते... ते नव्हतंच. घर आहे अन् खिडक्या भिंतीत बुजवल्या. मग मी लावलंच नाही. म्हटलं, जेवढं डोक्यात आहे तेवढं तरी धड राहो."

"अन् भजनात?"

"सिंधुताईचे हात पाहत होतो. त्या हात जवळ आणतेत, मी पण आणत होतो. दोन तास नजर काढली नाही. मान धरली माझी."

 हिरानं काडेपेटीतली काडी घेतली, टेपरेकॉर्डरात खोचली, आणि आत जाऊन परातीत कणीक घेतली. शेवटचं भजन झालं. खरखर झाली. तो माणूस नेहमीसारखा शब्दाच्या मधून आला, बंदरावर बसला, आणि बोटीची वाट बघायला लागला.

धुम्. आणि मग, बारीक, कोरडा, 'चक्'.

शेषरावांचा श्वास हिराला आतपर्यंत ऐकू आला. तिनं दारातून डोकावून बघितलं. अंगठा वर गेला, समेला जागचा हलला नाही, आणि मधल्या जागेत नेमका खाली आला. पुन्हा. पुन्हा. त्यांचे डोळे मिटलेले होते.

ती परत परातीशी बसली आणि कणकेवर मूठ दाबायला लागली. जरा वेळानं बाहेरून आवाज आला.

"हिरे."

"काय जी?"

"तुझ्या बांगड्या कुठी वाजून राहिल्या, समजते का तुले?"

हिराची मूठ कणकेत थांबली. मग तिनं मुद्दाम, ऐकू जाईल अशी, ती पुन्हा दाबली. दोन ठोक्यांच्या मधे. अर्ध्या जन्माच्या पोळ्या तिनं त्या कन्हणाऱ्या माणसाला शिव्या देत त्याच्याच चालीवर मळल्या होत्या. हे काही तिनं कधी कबूल केलं नव्हतं, आणि आताही केलं नाही.

"कणीक सैल झाली आज, म्हणून," ती म्हणाली.

*

पुढच्या गुरुवारी सिंधुताईंच्या बैठकीत नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. सुमंतनं बातमी पोचवली होती, पण अर्धीच: शेषरावभाऊ डॉक्टरकडं जाऊन आले, कानातून देव निघाला. धोंडबानं ढोलकी कसून ठेवली होती. सिंधुताईंनी शेषरावांना कौतुकानं पुढच्या सतरंजीवर, आपल्या शेजारी बसवलं. हिरा त्यांच्या मागं बसली. तिच्याही हातात आज टाळ होता. एरवी ती नुसती टाळ्या वाजवायची.

भजन सुरू झालं. छन्, सगळ्यांचा टाळ पडला.

छक्, शेषरावांचा पडला.

सिंधुताईंनी डोळे मिटून घेतले. पुढच्या ओळीला पुन्हा, छन्, आणि मागाहून चप्पल शोधत आलेला तो छक्. धोंडबा ढोलकीवर वाकून हसायला लागला. आणि तिसऱ्या ओळीला त्या छक्ला एक जोड मिळाली. तितकाच चुकलेला, तितकाच वेळेवर. मागच्या सतरंजीवरून.

सिंधुताईंनी गाता गाताच मान वळवून बघितलं. हिराबाई देवाकडं बघत होत्या, चेहरा अगदी भक्तिभावाचा.

आरती झाली. देव नव्हे, फुलवात निघाली, हे हिरानं सगळ्यांना सांगून टाकलं. शिऱ्याचा दुसरा द्रोण त्या दिवशी कुणालाच मिळाला नाही. चपला घालताना सिंधुताईंनी हिराचा हात धरून तिला बाजूला घेतलं, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"हिराबाई, त्या दिवशी वापरली तशी फुलवात आहे का वो घरी एखादी?"

हिरानं स्वतःचे दोन्ही कान धरले. "नाही बाप्पा, आता त्यांच्या कानाले मी हात नाही लावत!"

"त्यांना राहू द्या तसेच," सिंधुताई म्हणाल्या. "मले पाहिजे. दोन आणा. दोन्ही कानांना."